चिमूट-मुठीचं गवत

४ मार्च, मंगळवार

ते नाही. आधी एवढं लिहून ठेवते, मग बाकीचं.

दादाच्या फुप्फुसांवर जी सावली दिसत होती, ती आम्ही तीन आठवडे मनात धरून बसलो होतो त्या आजाराची नाही. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला, पेन फिरवलं आणि म्हणाल्या, "ही सूज आहे. गाठ नाही." मी पुन्हा विचारलं. त्यांनी न कंटाळता पुन्हा सांगितलं.

मग त्यांनी दादाची उलटतपासणी घेतली. घरात पक्षी आहेत का? नाहीत. भिंतींना ओल? फारशी नाही. धंदा काय? चष्मे करतो, काचा घासतो. त्यावर त्यांनी मान हलवली, ते नव्हे. "घरात धान्याची पोती, वाळकं गवत असलं काही?"

दादा म्हणाला, "गवत आहे. उंदरांचं."

"उंदरांचं?"

मग मीच सांगितलं. जर्बिल म्हणतात त्यांना, वाळवंटातले उंदीर, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असतो. दोघी बहिणी आहेत, चिमूट आणि मूठ. वहिनीने पाळल्या होत्या. वहिनी गेली, त्या राहिल्या.

गवताला बुरशी धरली असणार, तिची धूळ श्वासात जात होती. गोळ्या दिल्यात. गवत लगेच बाहेर काढायचं. जनावरं दुसरीकडे गेली तर उत्तम, नाहीच गेली तर दादाने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो.

बाहेर आल्यावर आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. मग दादा म्हणाला, "चहा घेऊ या. मशीनचा असला तरी चालेल." मशीनचा चहा इतका चांगला मी कधी प्यायले नव्हते.

बसमध्ये खिडकीशी बसून मला एकटीलाच हसू येत होतं. दोन थांबे तसे गेले. तिसऱ्या थांब्यावर आठवलं. ते गवत मी आणलं होतं.

५ मार्च

गवताची पिशवी मोरीवरच्या माळ्यावर होती. नाकाला दुपट्टा बांधून ती गच्चीवर नेली. माझा काळा परकर पसरला आणि एक मूठभर गवत त्यावर झटकलं. पिठाच्या गिरणीत झाडू मारावा तशी करडी धूळ उडाली. वास कोंदट, ओल्या पायपुसण्यासारखा.

एकतीस वर्षं मी कापड तपासलं. उजेडाच्या टेबलावरून तागा सरकायचा आणि एक गाठ, एक सुटलेला धागा दिसला की मी तागा परत पाठवायचे. विणकर मला 'सूक्ष्मदर्शक' म्हणायचे, समोर नाही, पण मला माहीत होतं. आणि ही पिशवी मी नाक्यावरच्या दुकानातून उचलली, उघडूनही बघितली नाही. उंदरांचं तर गवत, त्यात काय बघायचं, असं वाटलं होतं. प्लास्टिकला घट्ट गाठ मारून मोरीच्या वाफेवर ठेवून दिली. चार महिने.

पिशवी फेकली. काचेची पेटी, दोघींसकट, माझ्या खोलीत आणली. हॉल दोनदा ओल्या फडक्याने पुसला. दादा दाराबाहेरून म्हणाला, "गार लागत नाही ना त्यांना तिथे?" तुझ्या फुप्फुसांचं बघ, म्हटलं.

त्याला सांगितलं नाही. सांगणार होते, पण तो इतक्या आनंदात भात जेवत होता.

७ मार्च

या दोघी म्हणजे डोक्याला ताप आहेत. पेटीत आता नुसता लाकडाचा भुसा आणि कागदाचे कपटे. त्या बोगदा खणतात, तो कोसळतो. पुन्हा खणतात, पुन्हा कोसळतो. गवताच्या काड्या आत असल्या की भुसा धरून राहतो, हे मला आता कळलं. घराला वासे लागतात तसंच. आज दुपारभर मूठ एकाच कोपऱ्यात काच खरवडत होती. नाकाचा शेंडा सोलवटून लाल झालाय.

दादा दर तासाला दाराशी येऊन अहवाल मागतो. मी सांगते, ठीक आहेत. सोलवटलेल्या नाकाचं सांगितलं नाही. सांगायच्या राहिलेल्या गोष्टी वाढत चालल्यात.

भाचीचा फोन आला. "आत्या, त्यांच्यासाठी घर बघितलंय मी. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुली घ्यायला तयार आहेत. सोळाला, रविवारी येऊन घेऊन जाते. बाबांना तू समजाव." मी ताबडतोब हो म्हटलं. फोन ठेवला आणि हायसं वाटलं, खोटं कशाला लिहू.

दादाला सांगितलं. तो चष्मा पुसत होता, तो पुसतच राहिला. "बरं," म्हणाला. थोड्या वेळाने, "तुलाही त्रासच आहे," म्हणाला.

९ मार्च, रविवार

जायच्या तर जाऊ देत, पण सोललेल्या नाकाने नकोत. माझ्या घरून खराब माल बाहेर जाणार नाही. म्हणून आज पाळीव प्राण्यांच्या मोठ्या दुकानात गेले. नवीन गवत आणायचं ते दादापासून लांब, गच्चीवर तपासायचं, असं ठरवून.

दुकानदार बोलका. आधी त्याने लसूणघास पुढे केला. "एकदम पौष्टिक. सशाची पिल्लं यावरच वाढतात."

"या पिल्लं नाहीत. अडीच वर्षांच्या आहेत."

"मग जरा जड पडेल," म्हणाला आणि निमूटपणे बाजूला ठेवला. हे त्याने आधीच सांगायला काय हरकत होती. शेवटी तीन पाकिटं घेऊन आले.

गच्चीवर काळा परकर, भिंग, स्वच्छ ऊन. पहिल्या पाकिटावर 'धूळविरहित' असं ठळक छापलेलं. झटकलं, तर परकराचा रंग बदलला. नापास. दुसरं स्वच्छ होतं, पण काड्या जाड आणि टोकदार, सोललेल्या नाकाला सुया टोचल्यासारख्या. नापास. तिसरं तपकिरी, वास उकळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखा, हातात चुरलं की भुगा. तेही नापास.

परकर झटकून घडी घातली तेव्हा लक्षात आलं, दोन तास गेले होते आणि मी काहीतरी गुणगुणत होते.

१० मार्च

नाश्त्याला दादाला विचारलं, वहिनी गवत कुठून आणायची?

"मला काय माहीत. शनिवारी कापडी पिशवी घेऊन जायची, दोन-अडीच तासांनी यायची. केसांत काड्या असायच्या." मग विचार करून म्हणाला, "अकरा नंबरच्या बसने जायची. शेवटचा थांबा. परत आली की म्हणायची, घोडे बघून आले."

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि बायको कुठे जाते ते याने विचारलं नव्हतं. पण मी तरी कुठे विचारलं. आम्ही नणंद-भावजय इतकी वर्षं एकमेकींशी गोड बोललो, म्हणजे नीट कधी बोललोच नाही. मी आले की ती पेटीवर फडकं टाकायची, मला किळस येते म्हणून. मला वाटायचं, माझ्यापासून लपवते आहे.

१२ मार्च, बुधवार

अकरा नंबर, शेवटचा थांबा. उतरल्यावर डाव्या हाताला लाकडी कुंपण आणि त्यामागे घोड्यावर बसायला शिकवतात ती जागा. गुडघ्यापर्यंत बूट घातलेली, साठीच्या आसपासची एक बाई घोड्याचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होती. मी म्हटलं, मला गवत हवंय, पण अगदी थोडं, पिशवीभर.

तिने वर बघितलं. "पिशवीभर नेणाऱ्या एकच बाई होत्या. दोन उंदीरवाल्या. तुम्ही त्यांच्या कोण?"

"नणंद."

"त्या कुठे आहेत? कितीतरी महिने आल्या नाहीत."

सांगितलं. ऑक्टोबरात, दोन दिवसांत सगळं आटोपलं. तिने खूर खाली सोडला आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसली. घोडा तिच्या खांद्याला नाक घासत होता.

मग म्हणाली, "तुम्ही त्या कापडवाल्या का?"

हो म्हटलं.

"त्या नेहमी म्हणायच्या. गवत निवडताना अर्धा तास लावायच्या. मी म्हणायचे, अहो, उंदीर खाणार आहेत की राजा? तर म्हणायच्या, माझी नणंद असती ना इथे, तर तिने हे अर्धं परत पाठवलं असतं. तिची नजर माझ्याकडे नाही, म्हणून मला वेळ लागतो."

वहिनी असं का म्हणाली असेल कळत नाही. टोमणाच असणार. जसं ऐकलं तसं लिहून ठेवलं.

दादाच्या आजाराचं सांगितलं, तर बाईंना नवल वाटलं नाही. "घोड्यांनाही होतं. खराब गवत खायलाच हवं असं नाही, नुसतं हुंगलं तरी धाप लागते." मग त्यांनी मला गंजीपाशी नेलं आणि शिकवलं. भाऱ्याच्या बाहेरचं घ्यायचं नाही, मधलं घ्यायचं. आधी आत कोपरापर्यंत हात घालायचा, आत ऊब लागली तर तो भाराच नको, तो आतून कुजतोय. तुऱ्यात बी धरण्याआधी कापलेलं गवत मऊ असतं. मूठभर पिळून बघायचं, मोडलं तर जुनं, वाकलं तर चांगलं. आणि ठेवायचं कापडी अभ्र्यात, वारा लागेल असं. "प्लास्टिकमध्ये कधीही नाही. मोरीजवळ तर नाहीच."

मी मान हलवली. कान तापले होते.

पहिला भारा आत कोमट लागला. दुसरा गार, पण कडेला एक करडा डाग होता. तिसऱ्याच्या पोटातून हिरवट, लांब, केसांसारखं गवत निघालं. वास कसा सांगू, इस्त्री केलेल्या सुती कपड्यासारखा, किंचित गोड.

बाईंनी पिशवी भरून दिली. म्हणाल्या, "शनिवारी येत जा. त्या शनिवारी यायच्या."

१४ मार्च

आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला. चोरून काही करायचं नाही असं ठरवलंय. त्या म्हणाल्या, "गवत आणलंत याचा मला आनंद झालेला नाही. पण खोली बंद, झटकायचं ते गच्चीवर, तुमच्या नाकाला मास्क, आणि त्यांनी हात लावायचा नाही. जराही धाप वाढली तर सगळं घराबाहेर."

गवत बुधवारपासून फ्रीजरमध्ये होतं, बारीक किडे मरावेत म्हणून. दादाने बर्फासाठी दार उघडलं आणि विचारलं, "आज जेवायला गवत आहे का?" कितीतरी दिवसांनी थट्टा केली त्याने. मी त्याला ओरडून बाजूला केलं, पिशवी बांधलेली होती तरी.

गच्चीवर काळ्या परकरावर झटकलं. चार तुकडे पडले, धूळ नाही. भिंगाखाली बघितलं, नाही. पास.

पेटीत भुशाचा थर, गवताचा थर, पुन्हा भुसा, पुन्हा गवत, तळहाताने दाबून. दोघींना आत सोडलं. चिमूट आधी हुंगून स्तब्ध झाली. मग तोंडात काडी धरून ती उभी चिरायला लागली, दोन्ही हातांनी, अगदी शिस्तीत. मूठ सरळ आत घुसली. मी श्वास रोखून बसले. बोगदा राहिला. दुसऱ्या टोकाने तिचं लाल नाक बाहेर आलं.

पेटी खिडकीला लावून ठेवलीय. खिडकी बंद, काच पुसलेली. पलीकडे गॅलरीत दादा खुर्ची घेऊन बसला तासभर. दुकानात गिऱ्हाईक थांबलं असेल म्हटलं, तर म्हणाला, "थांबू दे."

१५ मार्च, शनिवार

आजचा दिवस कसा गेला ते नीट लिहिते.

सकाळी नऊला दादाला खोकल्याची उबळ आली. गॅलरीत होता. डोळ्यांत पाणी, मान लाल, शब्द फुटेना. थांबली, पुन्हा आली. मला एकच दिसत होतं, माझ्या खोलीचं दार. रिक्षा केली आणि दवाखान्यात गेलो. वाटेत तो हाताने 'काही नाही, काही नाही' करत होता आणि खोकत होता.

नंबर यायला वेळ होता. त्या बाकावर मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, ते आधीचं गवत मी आणलं होतं. बघितलं नाही, हुंगलं नाही, मोरीवर ठेवलं. मी, जी आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नापास करत आली. तू आजारी पडलास तो माझ्यामुळे. आणि आता परत मीच गवत आणलंय."

तो जरा वेळ श्वास गोळा करत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू आणलंस ते. पिशवी माळ्यावर मीच नाही का चढवली? आणि पेटीत रोज मीच टाकत होतो. हाताला ओलसर लागायचं. वासही यायचा."

"मग बोलला का नाहीस?"

"ती गेल्यावर तू पहिल्यांदाच त्यांच्यासाठी काही आणलं होतंस," म्हणाला. "तुला किळस येते हे मला माहीत होतं. त्यात खोट कशी काढू? म्हटलं, राहू दे, उंदीर काही तक्रार करत नाहीत."

त्याचा राग आला, इतका की मी त्याच्या हातावर चापट मारली. समोरची बाई बघायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी पाठ, छाती, पुन्हा पाठ तपासली. बोटाला चिमटा लावून आकडा बघितला. "छाती गेल्या वेळेपेक्षा बरीच मोकळी आहे. सकाळी काय खाल्लंत?"

"बिस्किट," दादा म्हणाला.

"बसून?"

"खिडकीतून बघता बघता. ती मूठ बोगद्यातून उलटी बाहेर आली, तर हसायला आलं."

बिस्किटाचा तुकडा भलत्या वाटेला लागला होता, बस. डॉक्टरीणबाईंनी गंभीर चेहऱ्याने लिहून दिलं, 'खाताना उंदीर बघू नयेत'. कागद जपून ठेवलाय.

घरी येऊन मी दोन तास मेल्यासारखी झोपले. महिनाभरात तशी झोप लागली नव्हती.

१६ मार्च, रविवार

भाची अकराला आली, हातात जाळीचा डबा. वडिलांचा चेहरा बघितला आणि डबा दाराशीच ठेवून त्यांच्या गळ्यात पडली. मग मला म्हणाली, "त्यांचं सामान बांधलंस का, आत्या?"

मी म्हटलं, "त्या इथेच राहतील."

दादा माझ्याकडे बघायला लागला. त्याच्याशी मी काहीच बोलले नव्हते. खरं म्हणजे स्वतःशीही बोलले नव्हते.

"अगं, पण तूच हो म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"बाबांच्या तब्येतीचं काय? गवत आणायचं कुणी, साफ कुणी करायचं? तू त्यांना हातसुद्धा लावत नाहीस."

मी तिला खोलीत नेलं. मास्क दिला, दार लावलं. काळ्या परकराची घडी, भिंग, अभ्रा, सगळं दाखवलं. कोणतं गवत का नापास झालं ते सांगितलं. मग पेटीत हात घातला. मुठीचं नाक बघायला तिला उचलावंच लागतं, दोन दिवस उचलतेय. खपली धरलीय. भाची माझ्या हाताकडे बघत होती, मुठीकडे नाही.

"आई अशीच धरायची," म्हणाली. "ओंजळीत, अंगठा पाठीवर."

मी म्हटलं, दुसरं कसं धरणार, निसटते ती.

भाचीने मैत्रिणीला फोन करून माफी मागितली. निघताना बापाला म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांना सगळं सांगत जा जरा." आम्ही दोघांनी मान हलवली. रिकामा डबा घेऊन गेली.

२९ मार्च

दुसरा शनिवार. बाईंकडे चहा झाला. त्यांच्या म्हाताऱ्या घोड्यालाही धाप आहे, त्याचं गवत भिजवून देतात. नवीन भारे आले होते. पाच उघडायला लावले. त्या कुरकुरल्या नाहीत.

मुठीच्या नाकावर केस आले.

१७ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मार्चमधल्यात धुकं, आजच्यात स्वच्छ. मला विचारलं, "तुम्ही बघा. तुमची नजर चांगली आहे असं हे सांगत होते." मी बघितलं. वरून खाली, कडेने, दोन्ही बाजूंनी. एकही डाग सापडला नाही. डोळे भरून आले म्हणून दिसलं नसेल असं वाटून पुन्हा पुसून बघितलं. नव्हताच.

गोळ्या बंद. खोलीच्या बाहेरूनच बघायचं हे मात्र कायम. दादा लगेच कबूल झाला, त्याला गॅलरीतली खुर्ची आवडायला लागलीय.

बस पकडायला रस्त्यावरचा पूल ओलांडावा लागतो. जाताना आम्ही खालून, सिग्नलवरून गेलो होतो. येताना दादा काही न बोलता पुलाच्या पायऱ्या चढायला लागला. अरे, हळू, म्हटलं, पण तो ऐकेना. बेचाळीस पायऱ्या. निम्म्यावर मी कठड्याला धरून थांबले. वर बघितलं, तर तो पोचला होता, वाऱ्याने शर्ट फुगला होता आणि माझी वाट बघत उभा होता.

मी वर पोचले तेव्हा मला बोलता येत नव्हतं.

"दमलीस?" म्हणाला.

मान हलवली.

"मग दम खा. घाई काय आहे?"

आम्ही कठड्यावर कोपरं टेकून उभे राहिलो. खालून अकरा नंबरची बस गेली. ती जाऊ दिली, आणि तिच्या मागची आमचीही.